गोळीची अंतर्गत बदली

त्या घरात मीठ संपलं की मीठ संपलं असं म्हणून भागत नसे. मिठाचा साठा किमान पातळीच्या खाली गेलाय असं म्हणावं लागे, तेव्हा कुठे नवरा उठून चपला घाले. जन्मभर एका कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होता तो. निवृत्त झाला तेव्हा कारखान्याने त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि बायकोला तो परत दिला. दोघांत घड्याळ बरं, असं ती म्हणायची. ते निदान अधूनमधून बंद पडतं.

घरी बसल्यावर त्याने आधी स्वयंपाकघराचं गोदाम केलं. फळ्यांना अक्षरं, डब्यांना आकडे. साखर ब-चारमध्ये, साबण 'फ'च्या फळीवर. जुना माल आधी काढायचा, नवा मागे ठेवायचा, या शिस्तीपायी घरात ताजा ब्रेड कोणाच्या तोंडाला लागेना. कालचा संपेपर्यंत आजचा कालचा होऊन बसे. आणि एकच माल दोन जागी ठेवायचा नाही, हा तर दगडावरचा नियम. तिने एक कात्री शिवणाच्या पेटीत आणि एक ओट्यापाशी ठेवली होती. संध्याकाळी बघते तो दोन्ही कात्र्या ड-एकमध्ये शेजारी-शेजारी, लग्न लावून दिल्यासारख्या.

ती भांडली नाही. भांडायलासुद्धा अंगात चार दाणे ताकद लागते, आणि तिची ताकद सकाळी बिछान्यातून उठण्यातच खर्ची पडायची.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चष्म्याचे ते मोहरीएवढे स्क्रू, नाकावरच्या त्या टिकल्या, दांडीचं बिजागर, हे सगळं ती डोळे झाकून बसवायची. मग संधिवात आला. साधा म्हातारपणाचा नव्हे. तो आला तेव्हा ती चांगली तरणीताठी होती, आणि आला तो पाहुणा म्हणून नाही, भाडेकरू म्हणून. बोटं एकेक करून कामावरून सुटली. आधी स्क्रू गेले, मग बिजागरं, मग शर्टाची बटणं. मालक भला माणूस, त्याने तिला सकाळच्या वेळी काउंटरवर बसवलं. कोणती फ्रेम शोभते ते गिऱ्हाइकाला सांगायचं. पण ती खरं सांगायची, त्यामुळे दुपारनंतर तिला बसवणं त्याला परवडत नव्हतं.

गोळ्यांच्या पट्टीतून गोळी काढणं हे तिला जमत नसे. अंगठ्याने दाबायला गेलं की कळ थेट कोपरापर्यंत. म्हणून रोज रात्री जेवणानंतर नवरा एका बरणीच्या झाकणात तिच्या गोळ्या मोजून आणायचा, हातावर ठेवायचा आणि पाण्याचा पेला पुढे करायचा. 'घे, आजचा इश्यू,' म्हणायचा, गोदामातून माल काढून देताना म्हणायचा तसं. इतक्या वर्षांत एक दिवस खाडा नाही. बाकी काही म्हणा, या एका बाबतीत शेजारणी तिचा हेवा करायच्या.

आणि मग लघवीत प्रथिन सापडलं.

मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण वयाने लहान होती, पण डोळ्यांखाली काळं घेऊनच कामावर यायची. तिने समजावून सांगितलं ते साधं होतं. संधिवात म्हणजे अंगात बारा महिने धुमसणारी आग. आग धुमसत राहिली की लिव्हर एक प्रकारचं प्रथिन ढिगाने तयार करत बसतं. वर्षानुवर्षं असं चाललं की त्या प्रथिनाचा गाळ होतो आणि तो जाऊन बसतो किडनीत. किडनी म्हणजे गाळणी, आणि गाळणीतच गाळ बसला तर पुढचं कोणी सांगायला नको. तिच्या किडनीत तो साचायला लागला होता.

खरा इलाज आग विझवणं, तो चालू होताच. पण इस्पितळात एक अभ्यास सुरू होता. कोलेस्टेरॉल कमी करायची जी नेहमीची गोळी असते ती म्हणे अशी आगही थोडी थंड करते, आणि गाळ साचायचा वेग तिने कमी होईल का, हे त्यांना बघायचं होतं. उंदरांवर बरं दिसलं होतं. माणसांचं कोणी शपथेवर सांगत नव्हतं.

'काकू, मी शब्द देत नाही,' डॉक्टरीण म्हणाली. 'पण तुमच्या जागी माझी आई असती तरी मी हेच सुचवलं असतं.'

तिला शब्द नकोच होता. तिला फक्त डायलिसिसचं मशीन नको होतं. दुकानाचा आधीचा म्हातारा मालक दिवसाआड त्या मशीनवर रक्त धुवून घ्यायला जायचा आणि परत यायचा तो पिळून दोरीवर टाकलेल्या फडक्यासारखा. तिने दोन वर्षं त्याला तसा बघितला होता. या सुजलेल्या हातांत आणखी सुया, या थकलेल्या अंगाला आणखी एक नोकरी, हे आपल्याच्याने व्हायचं नाही, हे तिला स्वच्छ माहीत होतं. तिने सही केली. म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये पेन अडकवून काहीतरी केलं, ते डॉक्टरणीने सही म्हणून चालवून घेतलं.

नवरा शेजारीच बसला होता. त्याने सगळं ऐकलं, मान हलवली आणि बाहेर आल्यावर गोळ्यांच्या खोक्यावरचं वाचलं. खोक्यावर लिहिलं होतं, कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी. आगीचा उल्लेख नव्हता, गाळाचा नव्हता, किडनीचा तर नव्हताच. त्याने खोकं उलटंपालटं करून खालची बाजूसुद्धा बघितली. तोंडी सांगितलेला माल आणि खोक्यावर लिहिलेला माल यांत फरक पडला तर काय धरायचं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण साहेबाशी वाद घालायचा नाही, हीसुद्धा गोदामातलीच शिस्त.

नवऱ्याची धाकटी बहीण मागच्याच गल्लीत राहायची आणि चहाच्या वेळी बरोबर उगवायची. या नणंदबाईंना कोलेस्टेरॉल हा शब्द ऐकू आला मात्र, त्यांनी पदर खोचला.

वहिनींना कोलेस्टेरॉल, म्हणजे लोणी बंद, अंडं बंद, तळलेलं बंद. वहिनी आधीच काडी. वारा आला की दाराची कडी धरून उभी राहणारी. तिने दोनदा सांगून बघितलं की वन्सं, माझं कोलेस्टेरॉल चांगलं आहे, ही गोळी दुसऱ्याच कामाला आहे. त्यावर नणंदबाई अशा हसल्या की जसं काही चोराने सांगितलं, मी शिडी फक्त उंची मोजायला लावली होती. मग तिने नाद सोडला. कोरडा ब्रेड चहात बुडवायचा, मऊ झाला की गिळायचा. चावायचं काम तेवढंच वाचलं.

गंमत अशी की तिचं लोणी बंद झालं त्याच सुमारास नवऱ्याचं लोणी वाढलं. त्याचं कोलेस्टेरॉल खरोखरचं होतं, घराण्यात चालत आलेलं. त्याला त्याच्या डॉक्टरने तीच गोळी, कमी ताकदीची, केव्हाच लावून दिलेली. इतकी वर्षं तो लोण्याकडे नुसता बघायचा. आता ब्रेडवर असा थर लावायला लागला की भिंतीला गिलावा करणाऱ्यानेही एकदा थांबून बघावं. नणंदबाईंनी हटकलं, तर म्हणाला, माझे रिपोर्ट बघ. आणि रिपोर्ट खरंच उतरले होते. त्याच्या डॉक्टरने म्हणे त्याला उभं राहून शाबासकी दिली. या वयात असं कोलेस्टेरॉल, काका, व्याख्यान द्या कुठेतरी.

अभ्यासाचा नियम होता, प्रत्येक भेटीला रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या, म्हणजे गोळ्या घेतल्या की नाही ते कळतं. बाकीचे पेशंट निम्म्या विसरायचे, कोणाच्या कुत्र्याने खाल्लेल्या असायच्या, कोणी भरलेल्याच परत आणायचा. हिच्या पट्ट्या मात्र रबर लावून, एकावर एक, एकही गोळी शिल्लक नाही. नर्सने बाकीच्यांना त्या दाखवल्या. बघा, याला म्हणतात पेशंट. नवरा रांगेत असा ताठ बसला जणू त्यानेच किडनी शोधून काढली होती.

आणि तरी लघवीतलं प्रथिन वाढलं. पुढच्या भेटीला आणखी वाढलं. डॉक्टरीण कागदाकडे बघत म्हणाली, आणखी एकदा चोवीस तासांची लघवी तपासू. या वेळीही चढतं दिसलं तर गोळी तुम्हाला लागू पडत नाही असं धरावं लागेल. तुम्हाला अभ्यासातून काढू, गोळी बंद करू, आणि मग किडनीच्या डॉक्टरांशी पुढचं बोलू.

पुढचं म्हणजे काय, ते तिने विचारलं नाही.

घरी एक निराळीच आघाडी उघडली होती. नवऱ्याचे पाय दुखायला लागले. आधी मांड्या, मग दंड. जिने चढताना मध्येच थांबायचा, कठड्याला असा बिलगायचा की वरच्या मजल्यावरच्यांना वाटे काहीतरी हरवलंय. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून त्याला उठताच येईना. न्हाव्याने वाट बघितली, मग दाढी केली, मग डोक्याला तेल लावलं, शेवटी दोघा गिऱ्हाइकांनी काखेत हात घालून उचलला.

नणंदबाईंनी निदान जागच्या जागी केलं. वहिनीचा संधिवात दादाला लागला. इतकी वर्षं एका छताखाली, एका पांघरुणात, लागणारच. तिने सांगितलं की हा रोग लागत नाही. त्यावर उत्तर आलं, तुम्ही कशाला म्हणाल लागतो.

झालं. दादासाठी गरम पाण्याच्या पिशव्या, दादासाठी सूप, दादाच्या पायाखाली उशी. ज्या घरात वर्षानुवर्षं तिची बोटं वाकडी होत गेली आणि कोणी विचारलं नाही, त्या घरात आता दुपारभर एकच विषय, दादाच्या मांड्या. आणि सूप करायचं कोणी, तर तिने. दोन्ही मनगटांत पातेलं धरून, नळाखाली नेऊन, परत आणून. तिला राग यायला हवा होता. पण राग यायचा म्हणजे आधी बसायला हवं, आणि बसलं की झोप यायची.

चोवीस तासांची लघवी हा प्रकार ज्याने काढला तो माणूस एकटा राहत असणार. पाच लिटरचा पांढरा प्लॅस्टिकचा कॅन, त्यात दिवसभराची आणि रात्रीची सगळी, आणि कॅन ठेवायचा फ्रिजमध्ये. नवऱ्याने त्यावर आपल्या सुबक अक्षरात चिठ्ठी लावली: राखीव साठा, हलवू नये. नणंदबाईंना राखीव हा शब्द सहन होत नाही. दादावहिनी आपल्यापासून लपवून काहीतरी पितात, असा त्यांचा ग्रह झाला असावा. त्यांनी बूच काढलं आणि नाक लावलं. त्या दिवशी चहाला बसल्या तेव्हा त्यांनी कोणालाही कसलाही सल्ला दिला नाही. त्या घराच्या इतिहासात असा चहा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कॅन घेऊन दोघं बसने निघाले. कॅन त्याच्या मांडीवर, ती खिडकीशी. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला आणि कॅनकडे बोट करून म्हणाला, पेट्रोल चालत नाही गाडीत. आता एखाद्याने औषध आहे म्हटलं असतं, पाणी आहे म्हटलं असतं. पण माल विचारला की माल खरा सांगायचा.

'पेट्रोल नाही,' नवरा खणखणीत आवाजात म्हणाला. 'ही माझी मिसेस, आणि ही हिची चोवीस तासांची लघवी.'

अख्ख्या बसने आधी कॅनकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा कॅनकडे, बहुतेक हिशेब जुळतो का ते. पुढच्या दोन बाकांवरची माणसं उतरायचं ठिकाण आल्यासारखी उठून मागे गेली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर एक माणूस सायकलवरून पडला होता आणि लोक त्याला उचलत होते. तिला वाटलं, सुटला बिचारा.

चार दिवसांनी रिपोर्टासाठी बोलावणं आलं.

डॉक्टरणीची खोली म्हणजे टेबल, तीन खुर्च्या आणि एक तपासायची कॉट, जिच्यावर फायली झोपलेल्या असायच्या. ती दोघं समोर बसली. नवऱ्याच्या हातात रबर लावलेल्या रिकाम्या पट्ट्या होत्या.

डॉक्टरणीने आधी पाण्याचा घोट घेतला, त्यावरूनच तिला कळलं.

'काकू, वाढलंय,' डॉक्टरीण म्हणाली. 'मला वाईट वाटतं. तुमच्याइतकं नेमाने कोणीच घेत नव्हतं.'

टेबलाच्या कडेला एक चष्मा पडला होता, डॉक्टरणीचा, डाव्या दांडीचा स्क्रू सैल. हात शिवशिवले आणि तिथेच राहिले. एवढं सगळं गिळलं, कोरडा ब्रेड गिळला, वन्सं गिळल्या, रोज रात्री ती गोळी गिळली, आणि शेवटी मशीनच. तिला रडू येत नव्हतं. कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं, त्या फायलींच्या शेजारी चाललं असतं.

डॉक्टरीण कागद चाळत होती आणि चाळता चाळता थांबली. म्हणाली, एक गोष्ट मला कळत नाही. ही गोळी आगीवर लागू पडो की न पडो, कोलेस्टेरॉल तर तिने उतरायलाच हवं, मुळात चांगलं असलं तरीही. काकूंचं एवढ्या महिन्यांत जिथल्या तिथं आहे. तसूभर हललेलं नाही.

तिने काकूंना विचारलं, गोळी नक्की रोज घेता ना. ती म्हणाली, रोज रात्री, हे स्वतः हातावर ठेवतात. नवरा पट्ट्या पुढे करायला म्हणून उठायला गेला आणि अर्ध्यावर अडकला. दोन्ही हात टेबलावर, बूड खुर्चीपासून वीतभर वर, चेहरा लाल. पुढेही जाईना, मागेही येईना.

'काका, काय होतंय?'

'काही नाही. मांड्या भरून येतात. हिचा संधिवात लागलाय मला.'

डॉक्टरणीने उठून त्याला परत बसवलं. कधीपासून, हे विचारलं. मग विचारलं, काही औषध चालू आहे का. त्याने आपली कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली आणि लागल्या हाती आपले रिपोर्ट किती उतरलेत, शाबासकी कशी मिळाली, तेही सांगून टाकलं. डॉक्टरीण ऐकता ऐकता हळूहळू सरळ बसली. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. एकदा काकूंकडे. मग त्या पट्ट्यांकडे.

'काका,' ती म्हणाली, 'या पट्ट्यांतल्या गोळ्या कोणी खाल्ल्या?'

आणि त्याने सांगितलं. लपवलं तर नाहीच, उलट इतके महिने कोणी विचारलं नाही म्हणून मनात साठून राहिलेलं समाधानाने सांगितलं. म्हणाला, असं आहे डॉक्टर, घरात एकच माल दोन जागी ठेवायचा नाही. माझी गोळी आणि हिची गोळी, नाव एक, कंपनी एक, म्हणून दोन्ही मी एका डब्यात केल्या. आता खोक्यावर लिहिलंय कोलेस्टेरॉलची. हिला कोलेस्टेरॉल नाही, मला आहे. म्हणजे माल चुकीच्या खात्यावर आला. आमच्या गोदामात असं नेहमी व्हायचं. वरून चुकीचा माल आला तर परत पाठवायचा नाही, साहेबांचा अपमान होतो. ज्या खात्याला गरज आहे तिकडे तो गुपचूप आतल्या आत फिरवायचा आणि वर कळवायचं, माल मिळाला, माल वापरला. सगळे खूश.

'मग माझी आणि हिची, दोन्ही मीच घेत होतो,' तो म्हणाला. 'हिला जीवनसत्त्वाची देत होतो. रिकामी नाही ठेवली.'

तिला एकदम आठवलं की गोळी जराशी गोड लागायची. तिला वाटायचं, बरं आहे, एवढ्या कडू गोळ्यांत एक तरी.

नवरा अजून डॉक्टरणीच्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीची वाट बघावी तसा. ती येत नाही म्हटल्यावर त्याने बायकोकडे बघितलं. आणि मग, माणूस मूर्ख असला तरी आंधळा नव्हता, त्याच्या चेहऱ्यावरून सगळं एकेक करून उतरत गेलं.

'मला वाटलं,' तो हळू म्हणाला, 'आहे तेवढं कोलेस्टेरॉलही ही गोळी खाऊन टाकेल. मग तुझ्यात राहील काय? तू आधीच...'

डॉक्टरीण ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तीही रात्रपाळी करून आली होती. तिने त्याला सांगितलं की संधिवात बिंधिवात काही नाही, दुप्पट गोळीने स्नायूंना त्रास झालाय. दोन्ही गोळ्या आजच बंद, रक्त तपासायचं, आणि लघवी काळी आली तर तडक इथे यायचं, तुमच्या डॉक्टरला मी स्वतः फोन करते. मग काकूंकडे वळली. अभ्यासातून तुमचं नाव काढावं लागेल, म्हणाली. नियम आहे. तुमचे आकडे आता कशातच धरता येणार नाहीत.

तिला अभ्यासाचं काही पडलं नव्हतं. तिने एकच गोष्ट विचारली.

'म्हणजे गोळी मला लागू पडत नाही, असं नाही?'

'ते कोणालाच माहीत नाही, काकू. ती तुमच्या पोटात गेलीच नाही.'

'मग अजून घेऊन बघता येईल.'

'येईल. अभ्यासाबाहेर, माझ्या जबाबदारीवर लिहून देते. आगीवरचं इंजेक्शनही बदलू, खरी भिस्त त्यावरच आहे.' तिने कागद पुढे ओढला. 'पण मधले महिने गेले ते गेले. गाळ वाढलाय. मशीन अजून लांब आहे, एवढंच सांगते. किती लांब, ते नाही सांगत.'

लांब आहे. तिने तो शब्द दोनदा मनात फिरवला. सकाळी घरातून निघताना तो नव्हता. नवऱ्याने महिनोन्महिने तिची किडनी लोण्याबरोबर खाल्ली होती, आणि त्याच मूर्खपणापायी तिच्याजवळ एक न वापरलेली संधी शिल्लक राहिली होती. यावर हसायचं की रडायचं हे ठरवायला दुसरा एखादा ताजातवाना माणूस हवा होता.

बाहेर बाकांवर गर्दी होती. तो भिंत धरून चालत होता, ती त्याच्या एक पाऊल पुढे. एरवी ती मागे असायची. औषधांच्या खिडकीशी तिने कागद आत सरकवला. आतल्या माणसाने खोकं ठेवलं. सवयीने नवऱ्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. तो हात तसाच हवेत राहिला, कुठल्या फळीवर ठेवावा ते कळत नसल्यासारखा.

तिने खोकं स्वतः उचललं. पट्टी काढली. अंगठ्याने दाबून बघितलं, कळ कोपरापर्यंत गेली. दातांनी फाडून बघितली; गोळी सुटली ती टणकन उडून फरशीवर पडली आणि घरंगळत बाकांखाली गेली. मागच्या रांगेतले चौघं वाकून शोधायला लागले. नवराही वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्यातल्या एकाने त्याला सरळ केलं.

'रुंद तोंडाची बाटली असेल ना एखादी,' तिने खिडकीतल्या माणसाला विचारलं. 'सैल झाकणाची. या सगळ्या गोळ्या काढून तीत भरून द्याल?'

माणसाने एकदा तिच्या बोटांकडे बघितलं आणि पट्ट्या फोडायला घेतल्या. त्याचे अंगठे भराभर चालत होते, टक, टक, टक. पुरता एक चहा होईल एवढाही वेळ लागला नाही. तिला वाटलं, एवढंच होतं. इतक्या वर्षांत एवढं मागायचं आपल्याला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्याला वाईट वाटेल म्हणून मागितलं नसतं. रोज रात्री पुढे येणारं ते झाकण, तो पेला. तेवढं एकच तर तो करायचा तिच्यासाठी. आणि खरं सांगायचं तर मनापासून करायचा.

माणसाने बाटली दिली, वर खोक्यावरची चिठ्ठी कापून चिकटवली. तिने झाकण तळहाताने फिरवून बघितलं. फिरलं. एक गोळी हातावर घेतली, जिभेवर ठेवली. कडू होती.

'पाणी आणू?' नवऱ्याने मागून विचारलं. तिला त्याचा असा आवाज ओळखू आला नाही. विचारून काही करायची त्याला सवय नव्हती.

'आणा,' ती म्हणाली.

तो भिंत धरून नळाकडे निघाला. बराच वेळ लागणार होता. ती बाटली पर्समध्ये ठेवून, तोंडात ती कडू गोळी धरून, एका रिकाम्या खुर्चीवर टेकली. वाट बघणं तिला जमायचं.